विसाव्याची पाच मिनिटं

तिरमळमध्ये कुणी गेलं, हे मला माणसं सांगायची नाहीत. रस्ता सांगायचा.

रेल्वेच्या फाटकावर तिरडी टेकली की माझ्या फोनवर निरोप उमटायचा : ‘अंत्ययात्रा. विसावा. गाडी रोखली, पाच मिनिटे.’ मग मी हातातलं टायर खाली ठेवायची, दुकानाचं शटर अर्धं ओढायची आणि फाटकाकडे तोंड करून हात जोडून उभी राहायची. कोण गेलं ते संध्याकाळी दूधवाल्याकडून कळायचं. तोही मोजकंच बोलतो. चार वर्षं झाली, गावानं मला ना लग्नाला बोलावलं ना मयतीला. लग्नाचं एक वेळ चालतं, जेवण आता सगळीकडे सारखंच असतं. मयतीचं लागतं.

माझं नाव वैजयंता लोहार. गावात चालतं ते रबरबाई.

दुकान फाटकापासून शंभर पावलांवर. टायर रिमोल्डिंगचं. उसाच्या ट्रॉल्यांची टायरं दोन हंगामांत गोटा होतात. ती खरवडायची, वर कच्च्या रबराचा पट्टा चढवायचा आणि साच्यात घालून वाफेवर शिजवायची. निम्मं काम नवऱ्यानं, वसंतानं, शिकवलं आणि तो गेला. उरलेलं निम्मं मी रबर जाळून जाळून शिकले. थोरले दीर हिंदुराव, सगळ्या गावाचे आण्णा, त्याच फाटकावर गेटमन होते. आणि पुढं जे रामायण झालं त्याची सुरुवात आण्णांच्या म्हशीनं केली.

रेल्वेच्या चाकाला आतल्या बाजूनं एक ओठ असतो. तो ओठ रुळाच्या आतल्या अंगाला धरून चालतो, म्हणून गाडी रुळावर राहते. त्या ओठासाठी रुळाला लागून चार बोटं रुंद खाच मोकळी सोडावी लागते. वरून रस्ता जात असला तरी सोडावी लागते. गाडीच्या दृष्टीनं ती वाट, आणि रस्त्याच्या दृष्टीनं सापळा. सायकलचं चाक, म्हातारीची काठी, बैलाचा खूर, जे सापडेल ते धरते. त्यात गाडीच्या वजनानं रूळ दरवेळी थोडा दबतो आणि उठतो. डांबराला असलं उठणं-बसणं जमत नाही, ते रुळाच्या कडेनं तडकतं. म्हणून कुठल्याही गावाला जा, रूळ ओलांडताना कंबरेचे टाके ढिले होतात.

म्हशीचा खूर त्या खाचेत अडकला आणि गाडी तर सिग्नल सोडून निघालेली. आण्णांनी म्हैस ओढून काढली. म्हशीनं आभार म्हणून त्यांच्या डाव्या टाचेवर पाय दिला. म्हैस पुढं सहा वर्षं दूध देत राहिली आणि आण्णा फरफटत चालत राहिले. एक पाय टाकायचा, एक ओढायचा. टक्, खर्र. टक्, खर्र.

“वैजू,” दवाखान्यातून आल्यावर ते म्हणाले, “तू एवढी टायरं शिजवतीस. ही एक खाच तेवढी भरून दाव.”

तेव्हा ते माझ्याशी बोलायचे.

खाच भरणं सोपं होतं. भरून चाकाच्या ओठाला वाट देणं अवघड. माणसासाठी कडक आणि चाकासाठी मऊ असं एकच रबर कुठून आणायचं? ते मला हुशारीनं नाही, गबाळेपणानं सापडलं. साच्याशेजारी वसंताचं ग्राइंडर होतं, त्याचा लोखंडी भुगा कच्च्या रबरात पडला, आणि साच्यावर मी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक ठेवलेलं होतं, हत्यारं, पाने चिकटवायला. तो तुकडा शिजून निघाला तो एका अंगानं मऊ आणि दुसऱ्या अंगानं ताठ. पुढची पाच वर्षं मी त्या तुकड्याचं कोडं सोडवत बसले. रबर शिजताना चुंबक धरला की भुग्याचे कण साखळ्या करून उभे राहतात आणि तसेच गोठतात. मग खालून तारेच्या वेटोळ्यात वीज सोडली की त्या साखळ्या एकमेकींना घट्ट धरतात, आणि रबर लाकडासारखं होतं. वीज काढली की लोणी. आणखी एक गुण मला न मागताच मिळाला. साखळ्या दाबल्या की त्यांच्यातून जाणारी वीज बदलते. म्हणजे आपल्यावर कोण उभं आहे, किती वजनाचं, कसं चालतंय, हे रबराला कळतं.

‘समतल’ नावाची कंपनी वास काढत आली. त्यांचा अभियंता चिन्मय टिपणीस, बोलायला गोड, चहाला तीन वेळा नाही म्हणणारा. त्यांनी माझं रबर घेतलं आणि त्याला डोकं जोडलं. फाटकावर रुळांच्या मधे आणि दोन्ही अंगांना जाड पट्ट्या बसल्या. एरवी खाच बंद, रस्ता ओट्यासारखा सपाट. गाडी आली की खाच मऊ होऊन चाकाला वाट देते आणि अलीकडच्या-पलीकडच्या पट्ट्या लोणी होतात. ट्रॅक्टरचं चाक वीतभर रुततं, पुढं जातच नाही. तरी रुळांवर कुणी राहिलंच तर रस्ता स्वतः भोंगा वाजवतो, गाडीला ब्रेक लावतो, पोलीस आणि रुग्णवाहिका बोलावतो. आडवा दांडा नको, दिवा नको, झेंडा नको. पहिल्या दिवशी चार म्हाताऱ्या मुद्दाम काठ्या टेकत इकडून तिकडे गेल्या आणि परत आल्या. मी दुकानात तोंड फिरवून डोळे पुसले.

महिन्याभरात रेल्वेनं दांडा काढला आणि आण्णांना मुदतीआधी घरी पाठवलं. खाच भरायच्या नादात, खाचेशेजारी खुर्ची टाकून बसलेला माणूस मी मोजलाच नव्हता.

तेवढं त्यांनी कदाचित मला माफ केलं असतं. पण दोन महिन्यांनी सासूबाई गेल्या.

आमचं स्मशान रुळांपलीकडे. अर्ध्या वाटेवर विसावा असतो, म्हणजे तिरडी खाली टेकायची, खांदेकऱ्यांनी बाजू बदलायच्या आणि मग पुढं निघायचं. आमचा विसावा दोन लाइनींच्या मधोमध. पूर्वी लाइन एकच होती आणि विसावा बाहेर होता. दुसरी लाइन विसाव्याच्या पलीकडून टाकली, पण विसावा काही गावानं हलवला नाही. त्यावर आण्णांनी आपली रीत काढली होती. मयत निघाली की ते गेटच्या खोलीतून स्टेशनला फोन करायचे, “मास्तर, मयत चाललीया. पाच मिनिटं द्या.” मास्तर द्यायचे. मास्तर बदलले तरी द्यायचे. तीस वर्षं, कुठल्याच नियमात नसलेली पाच मिनिटं.

त्या दिवशी फोन करायला कुणी नव्हतं. हातात विस्तवाच्या मडक्याचं शिंकाळं धरून आण्णा पुढं, मागं तिरडी. ती विसाव्यावर टेकली. रस्त्याला एवढंच कळलं, की रुळांच्या मधे बेचाळीस किलोचं वजन निपचित पडलंय आणि भोवती शंभर पाय आहेत. भोंगा सुरू झाला. “मार्ग मोकळा करा. आपण धोक्याच्या क्षेत्रात आहात.” एक्स्प्रेस किंचाळत थांबली, खिडक्याखिडक्यांतून फोन बाहेर आले. पोलिसांची गाडी आली. उतरलेला पोलीस नवा होता, घाईत होता. त्यानं काठीनं दाखवून विचारलं, “हे सामान कुणाचं?”

आण्णा वळले आणि बायकांत मागं उभ्या असलेल्या मला म्हणाले, “माझ्या आईला सामान करून ठेवलंस.”

ते त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं. त्यानंतर ते माझ्यादेखत बोलायचे, पण सिग्नलच्या खांबाशी. दोन्ही बगलांत गुंडाळलेले झेंडे धरून ते रोज गाड्यांच्या वेळेला फाटकावर यायचे, खांबाशेजारी उभे राहून रिकाम्या रस्त्यावर हिरवा झेंडा दाखवायचे. जुने ड्रायव्हर शिट्टी देऊन मान द्यायचे. मी वाटेनं गेले की सुरू, “काय खांबा, आज रबरबाई लवकर आल्या. कुणाच्या पोटावर पट्टी मारायची हाय आज?”

“आण्णा, माझ्याशी बोला,” मी म्हणायची.

“खांबा, वारं सुटलंय बग. कायतरी वाजतंय.”

ग्रामपंचायतीत सभा भरली. सरपंच नंदू शेळके माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, एरवी मला काकी म्हणणारा. तो टेबलावर हात आपटून म्हणाला, “रबर उखडा, न्हाईतर आमी दुकान उखडतो. आमची मयत भोंग्यावर जायाची न्हाई.” त्या रात्री शटरवर तीन दगड पडले. चौथा वरच्या झरोक्यातून आत आला, तो मी अजून पाचर म्हणून वापरते.

मी टिपणीसांना बोलावलं. रस्त्याला आण्णांचा फोन शिकवायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आम्ही दोघांनी नियम लिहिला. विसाव्याच्या चौकोनात पंचवीस ते एकशे दहा किलोचं वजन दहा सेकंद निपचित पडलं, तर ती तिरडी समजायची. भोंगा नाही, पोलीस नाही. गाडी सिग्नलवर गुपचूप पाच मिनिटं रोखायची. भोवतीचे पाय धोक्यात मोजायचे नाहीत. पाच मिनिटांनी, पुन्हा वजन न तपासता, गाडी सोडायची, हळू, शिट्टी देत. गावातली कुठलीच तिरडी चार मिनिटांवर थांबत नाही.

टिपणीसांनी पेन खाली ठेवलं. “आणि ते वजन जिवंत माणसाचं असलं तर?”

“विसाव्यावर जिवंत माणूस कशाला आडवा होईल?” मी म्हटलं.

मला हसूच आलं होतं. आमच्याकडे त्या जागेवर कुणी बसतसुद्धा नाही. पोरं धावत आली तरी तेवढा तुकडा उडी मारून जातात. हे कुणी शिकवत नाही, दुधाबरोबर पोटात जातं. पुण्याच्या माणसाला हे कसं सांगायचं?

“बघा, तुमच्या गावचं तुम्हाला माहीत,” ते म्हणाले आणि सहीसाठी कागद पुढे केला. मी सही केली.

भोंगा थांबला. गाव शांत झालं, म्हणजे दगड थांबले. आण्णा खांबाला म्हणाले, “आता रस्त्याला मेलेलं वळखू येतंय म्हणं, खांबा. जित्याचं कवा कळणार?”

चार वर्षं अशी गेली.

यंदाच्या चैत्रातली गोष्ट. ऊस संपला होता, दुकानात काम नव्हतं, दुपारचे तीन वाजून गेलेले. रस्त्यावर कुत्रं नव्हतं. फोन वाजला. ‘अंत्ययात्रा. विसावा. गाडी रोखली, पाच मिनिटे.’ तीन-दहाची मालगाडी असणार.

मी शटर अर्धं ओढलं आणि हात जोडले.

मन काही हात जोडून नव्हतं. कोण गेलं असेल? सकाळी दूधवाला एका शब्दानं बोलला नाही. एवढं तरी सांगायचं, की बाई, अमका गेला. एवढाही माणूसपणा नाही राहिला या गावात? कोण गेलं ते माहीत नसताना वाईट वाटून घ्यायची मला सवय झाली होती. मी रागानं आणि दुःखानं अशी उभी होते, छान उभी होते. दीड-दोन मिनिटं गेली असतील.

मग माझ्या लक्षात आलं, की आवाज नाही.

टाळ नाही, रामनाम नाही, मागं चालणाऱ्या बायकांचा हुंदका नाही. शंभर पावलांवर मयत आहे आणि लिंबावरचा होला ऐकू येतोय.

मी फोनवर पायांची नोंद उघडली. तिरडी येते तेव्हा रस्त्यावर आधी खांदेकऱ्यांचे आठ पाय येतात, जड, आणि मागून पावसासारखे बाकीचे. आज आठ नव्हते. दोन होते. एक उमटलेला, एक ओढलेला. टक्, खर्र. टक्, खर्र. आणि मग एकदम एकाहत्तर किलो, आडवं.

शटरखालून वाकून निघताना माझं डोकं फुटलं. ते मला संध्याकाळी कळलं.

धावता धावता टिपणीसांना फोन लावला. “बंद करा तो नियम! विसाव्यावर आण्णा पडलेत!”

“कोण आण्णा?”

“माणूस! जिवंत माणूस! भोंगा लावा!”

“ताई, ते मला इथून… वरची परवानगी लागते. मी बघतो, मी लगेच…”

माझ्या फोनवर मला सगळं दिसत होतं. करता काहीच येत नव्हतं. मला फक्त बघायचा अधिकार होता. फोनवर उरलेल्या वेळेचा आकडा होता एक मिनिट पाच सेकंद.

आण्णा विसाव्यावर कुशीवर पडले होते. धड चौकोनात आणि पाय रुळावर. शेजारी तांब्या कलंडलेला, पाणी रबरावर सुकत आलेलं. तांब्या बघितला आणि मला आठवलं, की आज सासूबाईंची तिथी. दर वर्षी ते आईच्या विसाव्यावर पाणी घालतात. मी जी उभी राहून गावाचा माणूसपणा मोजत होते, त्या मला माझ्या सासूची तिथी आठवली नव्हती.

ओठ निळे, अंग तापलेलं, श्वास होता. अडखळत होता, पण होता.

मी रबरावर उड्या मारल्या. लाथा घातल्या. “वाज! वाज की रे मेल्या, वाज!” रस्ता ढिम्म. का वाजेल? तिरडीभोवतीचे पाय मोजायचे नाहीत, हे मीच त्याला सांगितलं होतं. त्याच्या लेखी इथं एक मेलेला होता, आणि एक बाई त्याच्यासाठी छाती बडवत होती. तो आपला अदबीनं गप्प होता.

आकडा शून्यावर आला. लांब सिग्नलवरून मालगाडीनं शिट्टी दिली, आणि माझ्या पायांखालचा रस्ता लोणी झाला.

मी आण्णांच्या काखेत हात घालून ओढलं. एकाहत्तर किलो. मी उसाची टायरं उचलते, मला वजनाचं कौतुक नाही. पण ओढायला पाय रोवावा लागतो आणि पाय रोवायला रस्ता लागतो. माझे पाय माझ्याच रबरात घोट्यापर्यंत गेले. मी जितकी ओढत होते तितकी मीच खाली जात होते. आण्णा बोटभर सरकत होते आणि परत घसरत होते.

गाडी दिसायला लागली. हळू येत होती, ठरल्याप्रमाणं. मी दोन्ही हात हलवले, ओरडले. ड्रायव्हरनं मला बघितलं. बघून त्यानं जी शिट्टी दिली ती मी ओळखते. लांब आणि नरम. मयतीला देतात ती. त्याला निरोप होता, पुढं अंत्ययात्रा आहे, सावकाश जा. त्याला दिसत होतं, खाली एक मयत आहे, शेजारी एक बाई हातवारे करून रडते आहे. असं रडणाऱ्या बायका त्यानं कितीतरी बघितल्या असतील. त्या शेवटी बाजूला होतात.

माझा हात आण्णांच्या काखेत होता. त्या काखेत काहीतरी टणक लागलं. काठीला गुंडाळलेलं कापड.

मी ते उपसलं. हिरवा. फेकला. दुसऱ्या काखेत हात घातला, तिथला झेंडा त्यांच्या अंगाखाली दबलेला होता. त्यांना उलथून काढला. कापड सुटलं, ऊन त्यावर पडलं आणि ते लाल होतं.

त्या झेंड्याचं मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. हलवला एवढं खरं. शिट्टी मधेच तुटली. मग ब्रेकचा आवाज आला, डब्यामागून डबा आदळत गेला, आणि इंजिन माझ्यापासून बारा पावलांवर येऊन उभं राहिलं. त्याची धग तोंडावर येत होती.

ड्रायव्हर खाली उडी मारून आला तो शिव्या देत. “ओ बाई! मयत हलवायची का न्हाई? पाच मिनिटं दिल्याली का न्हाई तुमाला?”

“मयत न्हाई!” मी म्हटलं. “माणूस हाय!”

तो वाकला. झेंडा बघितला, चेहरा बघितला. “आयला. तिरमळचा गेटमन.” मागं वळून सहायकाला ओरडला, “ये रं लवकर, उचल! ह्याला इंजिनात घेऊ, पुढच्या टेशनात गाडी बोलव!”

दोघांनी त्यांना उचलून इंजिनात घातलं. मला बोलावलं नाही, मीच चढले. तिथून तालुक्याचं स्टेशन चार किलोमीटर. तीस वर्षं ज्या गाड्यांना त्यांनी वाट दिली, त्यातल्या एकीच्याही इंजिनात आण्णा कधी चढले नव्हते, आणि चढले तेव्हा शुद्धीत नव्हते. हे त्यांना अजून झोंबतं.

उन्हाचा झटका, आणि त्यावर हृदयाचा. डॉक्टर म्हणाले, आणखी दहा मिनिटं गेली असती तर अवघड होतं. मी मनात हिशोब केला, की त्यातली दोन मी हात जोडून उभी होते.

तिसऱ्या दिवशी आण्णांनी डोळे नीट उघडले, मला बघितलं आणि मान फिरवली. पलंगाशेजारी सलाईनचा स्टँड होता. त्याला म्हणाले, “खांबा, त्या बाईला घरी जा म्हणावं. रबराचा वास मारतोय.”

मी बाहेर येऊन जिन्यात बसले आणि इतकी हसले, की नर्सनं पाणी आणून दिलं.

टिपणीस स्वतः आले. या वेळी चहाला नाही म्हणाले नाहीत. “आपण रबराला ठोके ऐकायला शिकवू शकतो. पडलेल्या माणसाच्या हृदयाचे ठोके त्या साखळ्यांना कळतात, फक्त बाकीचा धक्का वेगळा काढावा लागेल. पुढच्या आवृत्तीत घेऊ. दीड वर्ष धरा.”

“आणि दीड वर्ष?”

“तोवर नियम आहे तसा.”

“नियम काढा.”

“ताई, पुन्हा भोंगा वाजेल. पुन्हा पोलीस येतील. गाव तुम्हाला…”

“मग एक करा. कुणीतरी माणसानं फोन करून सांगितलं, की मयत आहे, तरच पाच मिनिटं द्या. पूर्वी असंच होतं.”

“रेल्वेच्या कागदावर आता तिथं माणूस मंजूर नाही,” ते म्हणाले. वाईट वाटून म्हणाले, पण म्हणाले.

“मग काढाच. मी सांगितलं म्हणून तुम्ही लिहिलंत, आता मी सांगते म्हणून पुसा. माझ्या रस्त्यानं यापुढं कुणालाच मेलेलं समजायचं नाही.”

मी पुन्हा सही केली. या वेळी हसू आलं नाही.

वैशाखात सरपंचाचे चुलते वारले. मला फोनवर निरोप आला नाही, कारण आता तसा निरोपच नव्हता. मला भोंगा ऐकू आला. “मार्ग मोकळा करा. आपण धोक्याच्या क्षेत्रात आहात.” पाठोपाठ ब्रेक, पोलिसांची गाडी आणि माणसांचा कालवा. मी शटर अर्धं ओढलं आणि हात जोडले. मग विचार करून शटर पूर्ण वर केलं. काच फुटायची असेल तर फुटू दे, शटर महाग आहे.

अंत्यविधी उरकून माणसं तशीच दुकानावर आली. अंगावरची ओली धोतरं वाळली नव्हती. नंदू सरपंच पुढं.

“काकी, माझ्या चुलत्याच्या मयतीला पोलीस आणलास तू! चार वर्षं नीट चाललं हुतं, तुला कुठली खाज सुटली?”

“नियम चुकीचा होता, नंदू.”

“नियम न्हाई, तूच चुकीची हाईस! आदी दांडा काढलास, मग मानसं काढलीस, आता मयतीचा मानबी काढलास!” मागून कुणीतरी म्हणालं, “बोलतोस काय, आत घुसा की.” एकानं दारातलं टायर लाथेनं उलथलं.

तेवढ्यात गर्दीच्या मागून आवाज आला. टक्, खर्र. टक्, खर्र. माणसं बाजूला झाली. आण्णा. बगलेत झेंडे, चेहरा उतरलेला, डॉक्टरांनी घरातून हलू नका म्हणून सांगितलेलं असताना.

नंदूला जोर चढला. “या आण्णा! तुमीच सांगा हिला. तुमच्या आईच्या येळी भोंगा वाजला तवा तुमाला कसं वाटलं, सांगा!”

आण्णा थांबले. दम खायला थांबले, की बोलायला, ते मला कळेना.

“आईच्या येळी वाजला,” ते म्हणाले. “माझ्या येळी वाजला न्हाई. आता मला इचार, कुठलं बरं.”

नंदूनं एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं, उलथलेल्या टायरला आणखी एक लाथ घातली आणि निघाला. बाकीचे मागं गेले. समजूत पटून नाही, आण्णांसमोर दुकान फोडायचं नाही म्हणून. जाता जाता एक दगड आलाच. लागला नाही.

मी टायर उभं केलं. आण्णा दारात उभे. चार वर्षांत या उंबऱ्यावर आले नव्हते. मी खुर्ची पुढं केली, ते बसले नाहीत. त्यांनी बगलेतला लाल झेंडा काढला आणि टेबलावर टाकला.

“हा हितं ठेव. मी काय रोज असतो व्हय.”

“बरं.”

“तो डायवर भेटाय आल्ता. म्हणला, गेटमन, तुमच्या बाईनं झेंडा असा धरला, मला वाटलं कापडं वाळत घालतीया. तीस वर्षं माझ्या नजरंसमोर ऱ्हायलीस, आणि एवढं येत न्हाई?”

“तुम्ही शिकवलं नाही.”

“तू इचारलं न्हाईस.” त्यांनी हनुवटीनं झेंड्याकडे खूण केली. “उचल. हात खांद्यातनं सरळ. कोपरात मोडायचा न्हाई. अंगापासनं लांब.”

मी उचलला. धरला.

“आं हां. वाळत घालतीयास परत. सरळ, सरळ. आता हलव.”

मी हलवला. फाटकावर कुणीतरी रेंगाळलं होतं, भोंगा पुन्हा सुरू झाला होता, पोलीस तो बंद करायची कळ शोधत होते. आण्णा दाराला टेकून बघत होते, माझ्याकडे. खांब त्यांच्या पाठीमागं होता.

“परत,” ते म्हणाले.